गुहेला अठ्ठ्याऐंशी गुण

चेन्नईच्या वेलचेरी भागातला तयार फ्लॅट घ्यायचा की नाही, हे सिद्धार्थ आणि शैला मिराशी यांना सोमवारी दहापर्यंत कळवायचं होतं. ही गोष्ट दोन हजार पाचच्या मार्चमधली. सिद्धार्थनं एक्सेलमध्ये दहा निकषांचा तक्ता केला होता. सॉफ्टवेअरमधला माणूस तक्त्याशिवाय लग्नसुद्धा करत नाही. शैलाला लग्नाच्या तक्त्यात एकाहत्तर पडले होते. फ्लॅटला चौऱ्याऐंशी पडले.

रविवारी घरमालक अप्पाजी या भाडेकरू दांपत्याला शहराबाहेर पूंडीच्या तलावापलीकडच्या जंगलात आदिमानवाची गुहा दाखवायला घेऊन गेले. अप्पाजी तंजावरकडचे मराठी, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गुहेचं छत पुढं झुकलं होतं आणि चिक्कीत शेंगदाणे असावेत तसे भिंतीत गोल गोटे रुतले होते. शैला हरखून गेली. सिद्धार्थनं मात्र लॅपटॉप काढला.

"हिलाही दे की गुण," शैला चिडवत म्हणाली.

"मेंटेनन्स?"

"काही नाही. दहा दे."

"शेजारी?"

"वटवाघळं. पण पार्किंगवरून भांडत नाहीत."

"जमिनीची उंची? अप्पाजी, इथं पाणी शिरतं का?"

"नाहीं. पाऊस कोठें जातो तें बघून त्या लोकांनीं घर केलें. तुमचा फ्लॅट आहे नं, तेथें तळें होतें. मी तेथेंच पोहायला शिकलों."

उंचीत गुहेला दहा; फ्लॅटचा तो रकाना आजवर कोराच होता, तिथं शून्य. गुहेची बेरीज अठ्ठ्याऐंशी झाली.

सिद्धार्थचा चेहरा पडला. ज्याला चाकसुद्धा ठाऊक नव्हतं, त्याचं घर सरस ठरत होतं! त्यानं तक्ता पुन्हा तपासला, आणि दोष सापडला. उंचीचा रकाना गुहेला झुकतं माप देत होता. निष्पक्षतेसाठी त्यानं तो काढून टाकला. फ्लॅट चौऱ्याऐंशी, गुहा अठ्ठ्याहत्तर.

"अरे, पण तळं?" शैलानं लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"तळं आता निकषात नाही."

सोमवारी सह्या झाल्या. जूनमध्ये वास्तुशांत झाली, अप्पाजी जेवून गेले.

ऑक्टोबरच्या पावसात मिराशी दांपत्य पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून होडीत उतरलं. लॅपटॉप शैलाच्या डोक्यावर होता, कारण सिद्धार्थ फोनवर मित्राला सांगत होता, "याचा काही डेटाच नव्हता रे!" अप्पाजींनी जुन्या खोल्या उघडून दिल्या आणि कॉफी पुढं केली.

तुम्ही हसताय, हसा. घर घेताना तुम्ही कोणता रकाना काढून टाकलात, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. बिल्डरलाही होतं.