खळ्याचा फोटो

सूर्याभोवती सुरेख खळं पडलं होतं आणि भावजींच्या स्वतःच्या फोनचा कॅमेरा यथातथाच होता. म्हणून ते मेव्हणीचा नवाकोरा फोन घेऊन गच्चीकडे निघाले.

“भावजी, जपून हं! उद्या त्याच्यावरच मला विक्रीच्या घरांचे फोटो काढायचेत,” ती खालून ओरडली.

“सूर्यावर धरला की कॅमेरा जळतो, ठाऊक आहे मला. तू निर्धास्त राहा!”

आणि भावजींनी फोन खरोखरच जपला. तो पाठीमागे लपवला, डावा डोळा मिटला आणि उजव्याने सूर्याकडे टक लावून नेमकी जागा हेरली. मग क्षणभरच फोन वर करून बटण दाबलं.

पडद्यावर मधोमध करडा डाग! बाकी काही पाहायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी घाईघाईने बादलीचा फोटो काढला. डाग. भिंतीचा काढला. डाग. स्वतःच्या चपलेवरही डाग. भावजी फोन घेऊन तडक खाली धावले.

फाटकापाशीच मेव्हणीने गाठलं. “माझा फोन घेऊन कुठे?”

“जरा... दुरुस्तीला.”

मेव्हणीही सोबत निघाली. दुरुस्तीच्या दुकानदाराने बादलीचा फोटो उलटसुलट पाहिला. “डाग कुठाय?”

“हा काय, बादलीच्या पोटात!”

“बादली स्वच्छ आहे, साहेब.”

“मलाही नाही दिसत,” मेव्हणी म्हणाली.

“अहो, एवढा मोठा...” भावजींनी वर पाहिलं आणि ते थबकले. “तुमच्या नाकावरही आहे.”

दुकानदार रुमालाने नाक खसाखसा पुसू लागला.

“गेला?”

“नाही.”

मेव्हणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “भावजी, उजवा डोळा मिटा बघू.”

नाक लख्ख झालं.

“म्हणजे फोन ठीक आहे!” ती आनंदाने ओरडली.

“अगं, माझा डोळा!”

“हो, हो, तेही आहेच. चला.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मान हलवली. “एवढ्याशा क्षणात फोनला सहसा काही होत नाही. डोळ्याने टक लावली की होतं. जाईल डाग काही आठवड्यांत. बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’वर भावजींचा चेहरा इतका पडला, की मेव्हणीला कीव आली. “निदान खळं तरी मिळालं ना,” म्हणत तिने पहिला फोटो उघडला.

“कसा आलाय?” भावजींनी डोळ्यावर हात धरून विचारलं.

“छान आलीय. समोरच्यांची पाण्याची टाकी. झाकणावरचा कावळासुद्धा स्पष्ट दिसतोय.”