आठवडाभर काही सांडलं नाही

रविवारी महिला मंडळाची निवडणूक होती, आणि तोपर्यंत घरात काही म्हणता काही घडू द्यायचं नाही, असं सोनूबाईंनी सोमवारी सकाळी चूल पेटवतानाच ठरवून टाकलं.

याला कारण त्यांचा नवरा. कडूबा हे वाटूरच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. माणूस देवासारखा, पण दर रविवारच्या उपदेशाला त्यांना रोजच्या जगण्यातला एक दाखला लागे. दुसऱ्याच्या घरात डोकावणं बरं नव्हे, म्हणून ते आपल्याच घरात डोकावत. एकदा सोनूबाईंनी पेटीच्या किल्लीसाठी घर पालथं घातलं आणि किल्ली निघाली पदराच्या गाठीत. देवाचं राज्यही असंच आपल्याजवळ असतं आणि आपण उतरंडी धुंडाळतो, असं कडूबांनी रविवारी सांगितलं. एकदा वरणात मीठ पडलं नाही. ‘तुम्ही जगाचे मीठ आहात’ या वचनाला ते वरण पाऊण तास पुरलं. पाहुणे आले त्या संध्याकाळी कंदिलात रॉकेल नव्हतं. त्या रविवारी, दिव्याला तेल न घेताच वरातीला निघालेल्या बायबलातल्या पाच मूर्ख कुमारी कोण, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

धडा मंडळीला मिळे आणि नाव सोनूबाईंचं जाई. विहिरीवर बाया विचारत, “पाळकीणबाई, किल्ली हाय ना जाग्यावर?”

अशा बाईला मंडळाची अध्यक्ष कोण करणार? त्यात समोर उभ्या होत्या मागच्या भिंतीपलीकडच्या पुष्पाबाई. त्यांच्या घरात कधी काही हरवत नसे. हरवलं तरी ते चारचौघांत सांगायला त्यांचा नवरा पाळक नव्हता.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी लोणच्याची बरणी हातातून निसटली. दुष्काळानंतर पहिल्यांदाच आंबा धड लागला होता; ते वर्षाचं लोणचं जमिनीवर पसरलं. सोनूबाईंना हळहळायलाही सवड नव्हती. कडूबा प्रार्थनेहून यायच्या आत त्यांनी जमीन सारवली, खापऱ्या आणि लोणचं घमेल्यात भरलं आणि उजवीकडच्या कांताबाईंना शपथ घालून त्यांच्या गोठ्यामागं पुरून टाकलं. मग फळीवरची रिकामी जागा डोळ्यांत भरायला लागली. म्हणून त्यांनी समोरच्या चतुराबाईंची रिकामी बरणी आणली, तिला फडकं बांधलं आणि फळीवर ठेवली.

कडूबांनी जेवताना लोणचं मागितलं. ते मुरतंय, इतक्यात उघडलं तर नासेल, असं सोनूबाईंनी सांगितलं. गुरुवारी त्यांनी पुन्हा मागितलं आणि वर फडकं सोडायला हातही घातला. सोनूबाईंनी तो अडवला, तुम्ही हातपाय धुऊन या म्हणाल्या, आणि वाटी घेऊन चतुराबाईंकडे लोणचं मागायला धावल्या. चतुराबाईंनी वाटी भरली, पण आधी सगळी हकीकत काढून घेतली. तेवढ्यात इकडे चुलीवरचं वरण करपलं.

घरात धूर आणि कडूबा ओट्यावर पाय धुतायत. सोनूबाईंनी पदरानं पातेलं उचललं आणि मागचं दार गाठलं. पातेलं लपवायला तिथं एकच जागा होती: भिंतीपलीकडे. आणि तिथं पुष्पाबाई कपडे वाळत घालत होत्या.

सोनूबाईंनी पातेलं तसंच भिंतीवरून पुढं केलं.

“द्या इकडं,” पुष्पाबाई म्हणाल्या. “काही इचारत न्हाई मी.”

त्यांनी काही विचारलं नाही, हेच सोनूबाईंच्या जिवाला लागलं.

शनिवारी कडूबा कोरी वही घेऊन घरभर फिरत होते. त्यांनी झाकणं उचलून पाहिली, रॉकेलची बाटली हलवून पाहिली.

“या हप्त्यात काहीच सांडलं न्हाई का गं?” त्यांनी जरा आशेनं विचारलं.

“काय सांडायचंय?”

“बिलकुल न्हाई?”

“बिलकुल न्हाई.”

रविवारी प्रार्थनामंदिर भरलं होतं. पुष्पाबाई पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती. पिशवीचा आकार गोल होता. सोनूबाईंचं पहिल्या गीताचं एक कडवं त्यातच गेलं.

कडूबांनी त्या दिवशी वचन घेतलं होतं: उघडकीस येणार नाही असं झाकलेलं काहीच नाही. वचन वाचून झालं, पण पुढं बोलायला दाखला नव्हता. ते घुटमळले आणि म्हणाले, “घरचा दाखला द्यावा, तर या हप्त्यात आमच्या घरात काही सांडलं न्हाई, फुटलं न्हाई, जळलं न्हाई. झाकावं असं काहीच न्हाई, अशी गृहिणी देवानं मला दिली.”

कांताबाईंचे खांदे हलू लागले. चतुराबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुष्पाबाई मात्र सरळ समोर बघत होत्या आणि त्यांचा हात पिशवीत गेला होता.

उपदेशानंतर कुणालाही उठून आपला अनुभव सांगता येई; त्याला साक्ष म्हणत. कडूबांचं आमेन पुरतं व्हायच्या आत सोनूबाई उठल्या. इतक्या वर्षांत त्यांची पहिलीच साक्ष. त्यांनी बरणी सांगितली, गोठा सांगितला, वाटी, धूर, भिंत, सगळं सांगितलं. “एक बरणी झाकायला मला तीन घरं लागली,” त्या म्हणाल्या. “पापाचंबी असंच असतंय का, ते पाळकसाहेबांनी सांगावं. मला इतकंच कळलं, की पाच दिवस मी जेवले न्हाई धड.”

मंडळी एवढी हसली की गीत सुरू करायला पेटीवाल्याला तीनदा सूर धरावा लागला.

निवडणुकीला पुष्पाबाईंनी पिशवीतून पातेलं काढलं. ते आरशासारखं लखलखत होतं. “परत द्यायला आणलं,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस राखेनं घासून राह्यले, हात उचलवंना. माझ्याच्यानं आता मंडळ व्हायचं न्हाई. सोनूबाईलाच करा. पापाला तीन घरं हिंडली, तर पुण्याला गाव पालथं घालील.”

सगळ्यांचे हात वर झाले.

घरी आल्यावर कडूबा जेवायला बसले. भाकरी मोडताना म्हणाले, “वर्षातला सगळ्यात चांगला दाखला तू एकटीनं संपवला. आता पुढच्या रविवारी मी काय सांगू?”

“तुमचं सांगा की.”

“माझं काय? माझं कुठं काय झालंय?”

सोनूबाईंनी डाव्या हाताची बोटं मोजायला घेतली. एकेक प्रसंग, वारासकट. डावा हात संपला. त्यांनी उजवा पुढं केला, तेव्हा कडूबांनी वही हळूच गादीखाली सरकवली आणि वरण आज फार झकास झालंय, असं म्हणून वाटी पुढं केली.