कोऱ्या नमुन्याचा शोध

धर्म म्हणजे काय, हे ठरवण्याचे काम वजनमापे व मानके प्रयोगशाळेकडे आले, यात वरकरणी काहीच विसंगत नव्हते. नव्या रस्त्याच्या आड येणाऱ्या धर्मस्थळांना हात लावू नये, असा कायदा झाला होता. कायद्यात 'रस्ता', 'आड' आणि 'हात' या शब्दांच्या व्याख्या होत्या. धर्माची राहून गेली होती. विधी खात्याने ती संस्कृती खात्याकडे मागितली. संस्कृती खात्याने 'विषय नाजूक, म्हणून तांत्रिक' असा शेरा मारला, आणि तांत्रिक ते सारे आमच्याकडे येते. बादलीची अधिकृत व्याख्या मी केलेली आहे. बाजारातली एकही बादली तिच्यात बसत नाही, यावरून तिच्या काटेकोरपणाची कल्पना यावी.

तातडी होती ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईंमुळे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली आहे. आसपासची माणसे सकाळी तेथे येत, बाकांवर गप्प बसत आणि उठून कामाला जात. खोली रस्त्याच्या आखणीत आली होती, म्हणून बाई अर्ज घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. ती धर्मस्थळ ठरली तर रस्ता वळणार होता, न ठरली तर खोली पडणार होती.

"तिथे तुम्ही नेमकं काय करता?" आमच्या प्रमुखांनी विचारले.

"बसतो."

"कोणासमोर?"

"भिंतीसमोर. पण भिंतीचा काही संबंध नाही हो. बाकंच तशी ठेवलीत."

"आणि बसून मिळतं काय?"

बाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "घरी मशीनवर बसलं की समोर ह्यांची खुर्ची दिसते. ह्यांना जाऊन वर्ष झालं. तिथं घटकाभर बसून आले, की मग त्या खुर्चीकडे बघवतं. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. तिथं कोणी कोणाला विचारत नाही."

प्रमुख सद्गदित झाले नाहीत. तो त्यांच्या कामाचा भाग नव्हता. त्यांनी व्याख्या मागवली.

ईश्वर हा निकष मी प्रथम घेतला. ज्यांच्या धर्मात ईश्वरच नाही अशा सज्जनांचे शिष्टमंडळ आले, अत्यंत नम्रपणे बसले आणि निकष घेऊन गेले. ठरावीक दिवशी जमणे, ठरावीक शब्द उच्चारणे व न मानणाऱ्याला वाळीत टाकणे, हा दुसरा निकष लावताच आमच्या इमारतीतील रहिवाशांची वार्षिक सभा धर्म ठरली. अखेर मी पुढील व्याख्या सादर केली: जे पुराव्यावाचून मानले जाते, नेमाने पाळले जाते, आणि ज्यावर कोणी हसल्यास राग येतो, तो धर्म. पहिले दोन गुण विचारून कळतात. तिसऱ्यासाठी प्रत्यक्ष हसावे लागते. हसण्यासाठी माझी नियुक्ती झाली.

आमच्याकडे कोणतीही पद्धत कोऱ्या नमुन्यावाचून मंजूर होत नाही. पाण्यातले शिसे मोजायचे तर आधी बिनशिशाचे पाणी यंत्राला दाखवावे लागते. तेव्हाही काटा हलला, तर दोष यंत्राचा. तसा, धर्माचा लवलेशही नसलेला एक माणूस हवा होता.

माझा मेहुणा आपण होऊन पुढे आला. "भाऊजी, मी कश्शाला मानत नाही!" तो म्हणाला. मात्र सामन्याच्या दिवशी तो एकच न धुतलेला शर्ट घालतो. "ते वेगळं," तो म्हणाला. "धुतला होता तेव्हा आपण हरलो होतो." मी विहित पद्धतीने हसलो. तो भरल्या ताटावरून उठला, आणि बायको माझ्याशी अजून कामापुरतेच बोलते.

मग एक डॉक्टर निवडले. त्यांच्या तातडीच्या विभागात शिरताना मी सहज म्हणालो, "आज शांत दिसतंय." त्यांनी झडप घालून माझ्या तोंडावर हात ठेवला. "इथे असं बोलायचं नाही! बोललं की रांग लागते." मी त्यांच्या तळहाताआडून हसलो. पहारेकऱ्याने मला फाटकापर्यंत पोचवले.

तेव्हा प्रमुख म्हणाले, "बाहेर कशाला शोधता? मी आहे ना." आमच्याकडे काचेच्या घुमटाखाली प्रमाण किलो ठेवलेला आहे. त्या खोलीत प्रमुख जोडे काढून जातात.

"धुळीसाठी," ते कुजबुजले.

"आणि आवाज कशासाठी खाली आणलात, साहेब?"

मी हसलो. दुसऱ्या दिवशी माझे टेबल जिन्याखाली गेले.

राहिलो मी. मी पुराव्यावाचून पाऊल उचलत नाही, हे मी बाईंना समजावत होतो. त्या निकालाची चौकशी करायला आल्या होत्या. उदाहरणादाखल बादलीची व्याख्या वाचून दाखवली.

"आणि एकही बादली बसत नाही तिच्यात?" बाईंनी विचारले, आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला राग आला नाही. मी फक्त त्यांना बाहेर थांबायला सांगितले, आणि दार जरा जोरात लागले.

एवढ्यात प्रमुखांना आठवले की खुद्द बाईंची चाचणी राहिली आहे. मी त्यांच्या बाकांवर, भिंतीवर, गप्प बसण्यावर हसलो. खुर्चीवरही हसलो; पद्धत म्हणजे पद्धत.

"हसा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मलाही हसूच आलं होतं."

काटा हलला नाही. कोरा नमुना मिळाला, पद्धत मंजूर झाली, आणि त्याच पद्धतीनुसार खोलीत धर्म नसल्याचे सिद्ध झाले. सोमवारी ती पाडली. रस्ता आता मेहुण्याच्या कपाटाला वळसा घालून, डॉक्टरांचा विभाग टाळून, किलोच्या खोलीला अदबीने बगल देत जातो. जिन्याखालचे माझे टेबलही संरक्षित आहे.

बाई एकदा भेटल्या. मी म्हणालो, "थोडं रागवायला हवं होतं हो तुम्ही."

"राग फार यायचा," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तिथं जात होते."

रस्त्याचा पुढचा टप्पा आता तुमच्या भागातून आखला जात आहे. घाबरण्याचे कारण नाही. ज्या जागेवर कोणी हसले तर तुम्ही त्याचे तोंड पाहणार नाही, ती सुरक्षित आहे. मात्र तुमच्या घरात एखादा कोपरा असा असेल, जिथे बसून उठल्यावर तुम्ही थोडे बरे वागता, तर तेथील सामान कृपया वेळेत हलवावे.