राजा रंभाजी आणि खर्ड्याच्या किल्ल्यातला कैदी

निवड कशी करावी, हे मला विचारा! साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे मी. दिवसभर उसाचा रस तपासते. अंदाजपंचे बोलणाऱ्या माणसांची मला मनातून थोडी कीवच येते.

म्हणून कादंबरी लिहायचं ठरवलं, तेव्हा इतरांसारखी मी थेट लिहायला बसले नाही. कादंबरीत एक काल्पनिक राज्य होतं. राज्य म्हटलं की राजे, राण्या, वंशावळी, किल्ले, भाऊबंदकी. हे सगळं साठवायला आधी संगणकावर उत्तम साधन नको? तेही मुक्त स्रोत हवं, म्हणजे फुकट आणि आतली यंत्रणा उघडून पाहता येईल असं. शिवाय घरगुती विकीसारखं चालणारं. टिपणातल्या राजाच्या नावावर बोट ठेवलं की राजाचं पान उघडलं पाहिजे, तिथून राणीचं, तिथून राणीच्या माहेरचं!

अशी तीन साधनं मी निवडली. नावं सांगत नाही, उगाच पक्षपात नको. अ, ब आणि क म्हणू.

"कादंबरीला सुरुवात कधी?" नितीननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"साधन ठरलं की."

"हे तू मागच्या गळीत हंगामातही म्हणाली होतीस."

"तेव्हा नुसतं अ होतं!"

त्यानं पेपर उघडला. शास्त्रापुढे माणसं माघार घेतात.

आता तुलना करायची, तर तिन्हींत एकच माहिती भरायला हवी. आमच्याकडे रसाची गोडी मोजायचं यंत्र तपासताना आधी साखरेचं ठाऊक असलेलं द्रावण घालतात. ज्ञात नमुना! तसा मला माणसांचा ज्ञात नमुना हवा होता. मला सर्वांत नीट ठाऊक असलेली माणसं कोण? सासरची! मग देवळाली प्रवरा झाली राजधानी. माझे सासरे, रंभाजीअण्णा, सत्तर गावांचे राजे झाले. सासूबाई, भामाबाई, पट्टराणी. नणंद मनवा झाली राजकन्या, जी चिडली की प्रवरा नदी आटते. कथानकाला तिखटपणा हवा म्हणून राजाला आणखी दोन राण्या दिल्या, आणि एक थोरला भाऊ, ज्याला राजानं खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडून ठेवलंय. अण्णांना थोरला भाऊ नाही, पण त्याला काय होतंय! राज्यातल्या एकाही घराला दार नाही, ही तर माझी सर्वांत अचाट कल्पना. नावं मी शेवटी एका फटक्यात बदलणार होते.

साधन क मध्ये एक बटण होतं. ते दाबलं की सगळी टिपणं इंटरनेटवर, जगाला खुली. मी दाबलं. चाचणी अर्धवट सोडणाऱ्यांतली मी नव्हे! आणि म्हटलं, वाचतंय कोण?

अशातच मनवाला स्थळ आलं. मुलगा समर्थ, कृषी विद्यापीठात नोकरीला. खरं तर मनवानं त्याला तिथंच पाहून ठेवलं होतं. मला कानात म्हणाली, "वहिनी, हे जमलं पाहिजे गं! पण तो बोलतच नाही. एका वर्षात 'बरंय' आणि 'चालेल' एवढंच ऐकलंय मी."

मुलाला वडील नाहीत. सगळं ठरवणार त्याचे मामा, खर्ड्याचे सूर्यभानमामा. चौकशी केल्याशिवाय हा माणूस बैलसुद्धा घेत नाही, अशी ख्याती!

रविवारी मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. समर्थ बशीकडे बघत बसला होता. मामांनी मिशा पुसल्या, खिशातून मोबाईल काढला आणि घसा साफ केला.

"रंभाजीराव, पयल्यांदी आमी गावात चार मानसं गाठून चवकशी करायचो. आता समदं ह्यात सापडतं. तुमचं नाव टाकलं, गाव टाकलं, आन् लई म्हायती निघाली."

"इचारा की!" अण्णा खुशीत म्हणाले. "झाकायसारखं काय न्हाई आमच्यात."

"मग तुमच्या बाकीच्या दोन बायका सध्या कुठं असत्यात?"

माझ्या हातातली साखरेची वाटी तिथंच थांबली.

"कोन दोन?" हा आवाज सासूबाईंचा होता. कारखान्याचा भोंगा त्यापुढे बासरी!

"मला काय म्हायती!" अण्णा ओरडले.

"म्हंजी कुठं हायेत ते म्हायती न्हाई?" सासूबाई कडाडल्या.

"अगं, हायेतच न्हाईत!"

"वारल्या का?" मामांनी दुःखी चेहरा केला.

"अहो, हुत्याच कवा!"

मामांनी समजूतदारपणे मान हलवली. "असूंद्या. मोठ्या घरात असतं. पन थोरल्या भावाचं काय? आमच्याच किल्ल्यात कोंडलाय म्हनं. मी रोज सकाळी किल्ल्याला फेरी मारतो. ही म्हायती वाचली तवापासून बुरुजन् बुरुज बघितला. हाका मारल्या. कोन न्हाई तिथं. सोडलाय का?"

मनवा माझ्याकडे बघत होती. ओठ घट्ट, डोळे मोठे. त्या क्षणी प्रवरा आटली असती तर मला मुळीच नवल वाटलं नसतं!

"मामा," मी म्हणाले. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळे दचकले. "हे सगळं काल्पनिक आहे. मी लिहिलंय."

"काल्पनिक कसं?" मामांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "देवळाली खरी, खर्डा खरा, नावं खरी."

"पण त्यात घरांना दारं नाहीत, हे वाचलंत ना? असं कुठं असतं का?"

"आँ? आपल्या शिंगनापुरात हाय की! जिल्ह्यातलं तेवढं म्हायती न्हाई व्हय तुमाला? उलट ते वाचलं तवाच म्हनलं, मानूस खरं लिहितंय."

झालं! माझी सर्वांत अचाट कल्पनाच माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली.

"थांबा, पुरावा देते." मी लॅपटॉप आणला. "हे बघा, मी साधनांची तुलना करते. तीन साधनं, प्रत्येकात हीच माहिती. खरं असतं तर तीनदा कशाला लिहिलं असतं?"

अ उघडलं. राजाला तीन राण्या. ब उघडलं. राजाला एकच राणी, ती माहेरी निघून गेलेली. क उघडलं. भाऊ कैदेत. पुन्हा अ मध्ये पाहिलं, तर भाऊच गादीवर आणि अण्णा कैदेत!

मधल्या काळात जे सुचेल ते, जे उघडं असेल त्यात मी लिहीत गेले होते. नमुना तिन्हींत वेगळा! म्हणजे सगळी तुलनाच बाद! मला अक्षरशः रडू आलं.

"तीन ठिकानी तीन जबान्या!" मामा उठून उभे राहिले. "रंभाजीराव, हितं कायतरी दडपलंय. चल समर्थ."

"मामा, बसा तरी!" नितीन मध्ये पडला. मनवानं पदराचं टोक मुठीत चुरगाळलं. सासूबाई अजून 'कोन दोन?' इथंच होत्या.

आणि समर्थ उठला. पण दाराकडे नाही, माझ्या लॅपटॉपकडे!

"वहिनी, तुम्ही मूळ फाईल एकच ठेवून तिन्ही साधनांत तीच का नाही उघडली? अ आणि ब दोन्ही साधा मजकूर वाचतात."

मी डोळे पुसले. "क नाही वाचत. क सगळं स्वतःच्या पेटीत ठेवतं."

"मग क बादच! एखाद्या पानाला कुठली कुठली पानं जोडलीत, हे उलटं कोण दाखवतं?"

"ब दाखवतं. पण मराठी शोधताना अडखळतं."

"अनुस्वाराला ना? मलाही तोच त्रास! मी पिकांच्या रोगांची विकी करतोय. आत्तापर्यंत पाच तपासली. वहिनी, तुम्ही ड पाहिलंय का?"

"ड?" मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "ड पण आहे?"

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. मामांनी आ वासला. "पोरगं बोलतंय! तिच्या मारी, एवढं तर ते बारशापासून आजवर बोललं न्हाई!"

"म्हंजी ह्या पोरानंबी आसंच काय काय लिवून ठिवलंय?" सासूबाईंनी विचारलं.

मनवानं आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "समर्थ, त्या विकीत किती रोग लिहून झालेत?"

"अजून नाही. साधन ठरलं की लगेच."

अण्णांनी कपाळावर हात मारला. नितीन भिंतीकडे तोंड करून हसत सुटला. मामा हळूच खाली बसले. सगळा उलगडा त्यांना एकदम झाला होता.

"म्हंजी बायका न्हाईत, भाऊ न्हाई, कादंबरी न्हाई, आन् रोगबी न्हाई!"

"काहीच नाही, मामा," मनवा म्हणाली. "पण मला चालेल. अशा माणसाबरोबर कसं राहायचं, ते नितीनदादाकडून शिकेन मी."

मामांनी अण्णांचा हात हातात घेतला. "रंभाजीराव, स्थळ पक्कं. फकस्त एक करा. बायोडाट्यात आमी पोरगं निर्व्यसनी म्हनून लिवलंय. तेवढं खोडून घ्या."

समर्थच्या त्या उत्तरानंतरचं सगळं मला नितीननं मागाहून सांगितलं. आम्हा दोघांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. लॅपटॉपवर ड उतरत होतं ना!