डावीकडचा खालचा कोपरा

मेश्राम मॅडम रक्ताची नळी घेऊन निघाल्या की आमच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात स्ट्रेचरसुद्धा बाजूला घेतलं जायचं. नळी उभी, छातीच्या उंचीवर, नजर समोर, आणि चाल इतकी संथ की शेजारून बोहल्यावर निघालेली नवरी गेली असती तर ती पळतेय असं वाटलं असतं. लिफ्ट वर्ज्य, कारण ती थांबताना हिसका देते. मे महिन्यात सदर भागातल्या एका दवाखान्यातून त्या नमुना घेऊन पायी आल्या, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. ऑटो का नाही केला, असं मी विचारलं.

"नागपूरच्या रस्त्यानं ऑटोत आणलं तर घुसळून निघते थे. रक्त आहे गा, ताक नाई."

मी त्यांच्याच रक्ततपासणी विभागात अहवाल टाइप करतो. विभागप्रमुख साहेबांच्या होला हो म्हणणं हा माझा स्वभाव, त्यामुळे मॅडमची मला भीती वाटायची आणि कौतुकही तितकंच वाटायचं.

त्यांचा विषय एकच. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. साखर, बीपी, तंबाखू यांनी ते दुखावलं की त्या पेशींचे अतिबारीक कण सुटतात आणि रक्तात फिरू लागतात. माणूस मजेत तर्री-पोहे खातोय, जिने चढतोय, आणि आत ही पडझड सुरू झालेली असते. हे कण मोजले तर छातीत कळ येण्याआधी धोका कळू शकेल, असं मॅडम म्हणायच्या. जगात आणखीही बरेच जण म्हणतात, पण त्यांना आमच्या साहेबांशी भांडावं लागत नाही.

भांडण होतं एका कोपऱ्यावरून. आमच्या मशीनच्या पडद्यावर रक्तातला प्रत्येक कण ठिपका होऊन उमटतो. मोठ्या पेशी वर, उजवीकडे. बारीकसारीक सगळं डावीकडे खालच्या कोपऱ्यात. तिथंच धूळही जमते आणि मशीनची खरखरही, म्हणून साहेब तो कोपराच वगळायला सांगायचे. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मॅडम, तो कचरा आहे."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आमच्या आज्यालेबी गावाच्या कोपऱ्यातच ठेवलं होतं साहेब, कचरा म्हणून. तठी कोन राहते हे पाहाले कोनी गेलंच नाई. मी पाहून राहिली."

त्या दिवसापासून साहेबांनी 'कचरा' शब्द सोडला आणि 'नॉइज' म्हणायला लागले.

तुलनेसाठी निरोगी माणसं लागायची. तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा पन्नाशीचा माणूस नागपुरात शोधणं म्हणजे काय, हे नागपूरकरालाच कळेल. मॅडम लोकांना व्हरांड्यात अडवून तोंड उघडायला लावायच्या. डॉक्टरांनाही सोडायच्या नाहीत. मला तर त्यांनी तीनदा नापास केलं. "तुले निरोगी म्हटलं तर मशीन हासन," म्हणाल्या.

गोळा केलेल्या रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पिवळसर पाणी नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलेलं होतं. वीज गेली की कोणी दार उघडून गारवा घालवू नये म्हणून मॅडम त्याला पाठ लावून उभ्या राहायच्या. साहेब आले तरी हलायच्या नाहीत.

आणि मग ते पत्र निघालं. मीच टाइप केलं होतं. प्रकल्प बंद झाला आहे, मॅडम महिनाअखेर निवृत्त होत आहेत, तरी फ्रीजर आठ दिवसांत रिकामा करावा. मी ते त्यांच्या हातात दिलं आणि एक पाऊल मागे सरकलो. त्यांनी उभ्या उभ्या खाली लिहिलं, 'मोजल्याशिवाय एकही नळी फेकली जाणार नाही', सही ठोकली आणि पत्र परत माझ्याच हातात कोंबलं. "दे नेऊन. काय करते थे पाहू."

साहेबांनी काही केलं नाही. मशीनवर अकरा वाजता दुसऱ्यांचं काम सुरू व्हायचं, म्हणून मॅडम सकाळी सहाला शहराच्या टोकाच्या बेशाहून येऊन बसायला लागल्या. नळ्यांवरचे क्रमांक वाचायला त्यांनी मला जुंपलं. मी का गेलो, मला माहीत नाही. आयुष्यात एकदा तरी साहेबांच्या विरुद्ध बाजूला उभं राहावं असं वाटलं असेल.

आठव्या दिवशी फ्रीजरच्या तळाशी एकच नळी उरली. क्रमांक, आणि पुढे 'निरोगी'.

"ही राहिली," मी म्हणालो.

"राहू दे."

"मॅडम, एकही नळी नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."

त्या स्टुलावर बसल्या. "माह्या भावाची आहे. मिलिंदची."

मिलिंद तीन वर्षांपूर्वी गेला हे आम्हाला माहीत होतं. पाचव्या दिवशी मॅडम कामावर हजर होत्या. नळीचं मात्र कोणालाच माहीत नव्हतं. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलेलं. तो ऑटो चालवायचा. ताईच्या निरोगी यादीत बसावं म्हणून त्यानं सहा महिने खर्रा सोडला होता. ताईच्या नळ्या मांडीवर असल्या की बैलगाडीच्या वेगानं ऑटो हाकायचा आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना शिव्या द्यायचा. तो गेल्यापासून मॅडम पायी. त्यानं रक्त दिलं तेव्हा मशीन दुरुस्तीला होतं, म्हणून नमुना फ्रीजरमध्ये ठेवला. वीस दिवसांनी सदरच्या सिग्नलवर हँडल धरलेल्या हातांवर त्याचं डोकं टेकलं, ते उचललंच नाही. हार्ट अटॅक.

"एकदा वितळली की संपली थे. परत गोठवता येत नाई," मॅडम म्हणाल्या. "कण कमी निघाले, तर मी जिंदगीभर फालतू बडबड करून राहिली. आन् जास्त निघाले, तर थो जिता होता तवा त्याचा धोका माह्याच फ्रीजरात पडून होता. वीस दिवस."

मला ते सहन झालं नाही. "मी लिहितो, नळी फुटली म्हणून. कोण विचारतंय?"

त्या ताडकन उठल्या. "खोटं लिहशीन? माह्या भावाच्या नंबरासमोर? सरक तिकडं!"

बाकीच्या नळ्या कोमट पाण्यात वितळायच्या. ही त्यांनी मुठीत धरली. गारठ्यानं हात पोळेल, मी म्हणालो. "पोळू दे," म्हणाल्या आणि आतलं फिकट पिवळं पाणी पूर्ण सुटेपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.

पडद्यावर ठिपके पडायला लागले. वर तुरळक. डावीकडे खाली आधी थोडे, मग भराभर, मग तो कोपरा गच्च भरून काळा झाला. निरोगी यादीत इतका भरलेला कोपरा मी आठ दिवसांत पाहिला नव्हता. मॅडमनी आकडा स्वतःच्या हातानं वहीत लिहिला.

"एका नळीवरून काही सिद्ध होत नाई, म्हनतीन साहेब," त्या म्हणाल्या. "म्हनू दे. बरोबर होती मी गा."

मग त्या माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच असा 'का' विचारला, ज्याचं उत्तर त्यांना खरंच हवं होतं.

"काहून बरोबर होती मी?"