किसनरावांचा दिवा

मंगळवारी सकाळी किसनराव गेले. संध्याकाळी त्यांच्या पायरीवरचा दिवा लागला. कोणी लावला नव्हता.

किसनरावांचे सेलूच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. घर आमच्या भिंतीला लागून. विजेच्या बटणाशी त्यांचे उभे वैर. मला म्हणायचे, "गुरुजी, रोज सांजच्याला बटन दाबायचं म्हंजे दिव्याच्या पाया पडायचं. अंधार झाला हे त्याचं त्याला कळाय नको?"

दिव्याला ते कळावे म्हणून त्यांनी हैदराबादेहून मसुराच्या दाण्याएवढा एक पुर्जा आणला. त्याला ते 'डोळा' म्हणत. डोळ्यावर उजेड असला की दिवा बंद, उजेड सरला की सुरू. पहिल्या खेपेला त्या डोळ्यामागे तीन लाकडी खोकी, एक गजराचे घड्याळ आणि वायरींचे जंजाळ होते. उद्घाटनाला गल्ली जमली. दिवा लागला, टाळ्या वाजायच्या आत विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. समोरच्या शांताबाई ओरडल्या, "किसनराव, तुमचा दिवा मला डोळा मारायलाय!"

डोळा दिव्याकडेच तोंड करून बसवला होता. दिवा लागला की त्याला वाटे, उजाडले.

नामांतराच्या बंदमुळे एक दिवस शाळा भरली नाही, तेव्हा मी त्यांची शिडी धरून उभा राहिलो. ते एकेक खोके खाली देत होते. "कमी करायलोय, गुरुजी. जे काढलं तरी चालतंय, ते नकोच." शेवटी राहिली एक डबी आणि आभाळाकडे तोंड केलेली बांबूची नळी. नळीत डोळा, वर काचेचा तुकडा. त्यानंतर दिवा कधी चुकला नाही.

गल्लीने मात्र त्यांचे नाव 'आळशी इंजिनिअर' ठेवले. मीही एकदा म्हणालो, "अहो, गयावहिनी घरातच असतात. त्या दाबतील की बटण!"

"त्यांना कशाला तरास? मीच लय आळशी हाय बघा," किसनराव हसत म्हणाले. बाजारात सगळ्यांच्या आधी यांचे दुकान उघडे, आणि बंद सगळ्यांच्या नंतर.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी वहिनींना विचारले, "वायरी जुन्या झाल्यात. ती नळी काढून साधे बटण बसवून देऊ का?"

वहिनींनी वर नळीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "नका काढू, गुरुजी. दिवस मावळला की मला दिसत न्हाई. बटन हुडकताना एकदा पायरीवरून पडले. मीच म्हनले, कुनाला सांगू नका, बाया हसतील. त्येंनी न्हाईच सांगितलं."

मी वायरी तेवढ्या बदलल्या.

दर रविवारी शिडी लावून मी त्या काचेवरची धूळ पुसतो. संध्याकाळी दिवा लागतो, आणि वहिनी पायरीवर येऊन बसतात.