ट्रक येत नसल्याचा दाखला

घणसोली गावातल्या श्रीमती दमयंती पाटील यांना ट्रक शिकायचा होता. ही गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण शासनाने त्यांना मदत करायचं ठरवलं.

दमयंती कित्येक वर्षं भाड्याचा टेम्पो स्वतः चालवून मासळी वाहत होती. मालकाने टेम्पो विकला आणि ती घरी बसली. घरी सासू होती, त्यामुळे फार दिवस बसणं जमण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात तळोज्याच्या एका कंपनीला ट्रेलर चालवायला बायका हव्या झाल्या. खरं तर हव्या होत्या कॅलेंडरवरच्या फोटोंसाठी, पण पगार खरा होता. अट एकच : अवजड वाहनाचं लायसन्स, तेही दिवाळीच्या आत. लायसन्ससाठी शिकणं आलं, शिकण्यासाठी पैसे आले, आणि नेमकी बसस्टॉपवर जाहिरात आली : ‘महिला अवजड वाहनचालक प्रशिक्षण अनुदान योजना. ताई, गिअर टाका!’

ताईंनी टाकला. योजनेच्या कार्यालयात जोतीराम नावाचे लिपिक होते. कोल्हापूरकडचे, बोलायला गोड.

“या ताई. ट्रक येतो का तुम्हांला?”

“नाय ना भाऊ. शिकायलाच आलेय.”

“ब्येस. मग येत नसल्याचा दाखला जोडा.”

“कशाचा?”

“ट्रक येत नसल्याचा. अहो, गेल्या खेपेला ज्यांना येत होता तेच घुसले आणि शिकून गेले! लई बदनामी झाली खात्याची. आता आधी अज्ञान सिद्ध, मग ज्ञान.”

हा दाखला ‘अकौशल्य पडताळणी समिती’ देत असे. समितीत अध्यक्ष म्हणून उपसंचालक साहेब, एक लेखापरीक्षक, आणि यांत्रिकी अभियंत्याचं पद रिक्त असल्यामुळे एक पशुवैद्यकीय अधिकारी. तिघांनाही ट्रक येत नव्हता, म्हणजे माणसं विषयातली होती.

चाचणी एपीएमसी मार्केटच्या पलीकडच्या मैदानात झाली. दमयंतीला लहानपणापासून एवढंच शिकवलेलं, की परीक्षेत जीव ओतायचा. तिने ओतला. ट्रकात ती पहिल्यांदाच बसत होती, पण टेम्पोचा हात होता. धक्के खात, देवाचं नाव घेत, तिने ट्रक मैदानात मांडलेल्या चारही पिंपांना वळसा घालून समितीच्या टेबलाशी आणून उभा केला. साहेबांच्या कपातला चहासुद्धा हलला नाही. निकाल तिथल्या तिथे लागला : ‘अर्जदारास ट्रक येत असल्याचा सबळ संशय. अपात्र.’

“काय झाला गो?” घरी सासूने, गोजराबायने, विचारलं.

“नापास झाले.”

“ठोकलास काय कुठं?”

“नाय ना आय! ठोकला नाय म्हनूनच!”

“मी सांगतंय ना, लग्न झाल्यापासून तुला कुठं काय करायचा तेच कलत नाय.”

दमयंती लायसन्सच्या खिडकीवर गेली. म्हणाली, सरकारच म्हणतंय मला ट्रक येतो. खिडकीतल्या बाईंना फार आनंद झाला. “अभिनंदन! आता फक्त प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र द्या आणि लायसन्स घेऊन जा.”

ती पुन्हा जोतीरामांकडे. “भाऊ, परत घ्या परीक्षा. यावेली मी हातच नाय लावत.”

तिने खरंच हात लावला नाही. ट्रकात मांडीवर हात ठेवून, सत्यनारायणाला बसल्यासारखी बसून राहिली. समिती नाराज झाली. ‘प्रयत्नाचा अभाव. अज्ञान हे कृतीतून दिसले पाहिजे. निव्वळ बसून राहणे हा शासकीय सेवेतील अधिकार असून तो अर्जदारास लागू नाही.’

“ताई, ताई,” जोतीराम हळहळले, “परिशिष्ट तरी वाचायचं!”

परिशिष्टात अज्ञानाची मानकं ठरवून दिली होती. अर्जदाराने पहिली तीन पिंपं उडवावीत. चौथं उडवू नये, ते दुसऱ्या खात्याचं आहे. चढावर गाडी बंद पडून मागे घसरावी, पण अध्यक्षांच्या मोटारीला लागू नये. रिव्हर्स घेताना डावीकडचा बांबू मोडावा. बांबूला टेकवलेली शोभेची कुंडी मात्र शाबूत राहावी, कारण ती साहेबांच्या मिसेसनी दिलेली आहे.

एवढं कठीण काही निघालं की त्याचा क्लास निघतो. जोतीरामांच्या मेहुण्याने, निशांतने, एक जुना ट्रक घेऊन ‘निशांत सरांचे न येणे क्लासेस’ काढले. पाटीवर लिहिलं होतं : ‘हमखास अज्ञान. फी अनुदान मिळाल्यावर.’

निशांत सर कडक होते. “दमयंतीताई, पिंपाला बंपर नाही, बंपरचा कोपरा लावा! फुटलं तर बेपर्वाई, आडवं पडलं तर अज्ञान. फरक कळतोय का?”

“कलतोय ना सर.”

“आणि क्लच असा सोडा, की गाडी आचका देईल पण साहेब दचकणार नाहीत.”

गणपती आले, गेले. दमयंती रोज तळोज्याच्या मोकळ्या रस्त्यांवर न येणं घोटत होती. चढावर ट्रक मागे सोडून मनात येईल तिथे रोखायला शिकली. आरशात बघून बांबूची हवी ती गाठ मोडायला शिकली. दसऱ्यापर्यंत तळोज्याच्या जुन्या ड्रायव्हरांनी चहा सोडून तिचं अज्ञान बघायला यायला सुरुवात केली.

तिसरी चाचणी म्हणजे सोहळा होता. तीन पिंपं एकामागोमाग एक अलगद आडवी झाली. चौथं जागचं हललं नाही. बांबू कडकन मोडला, कुंडीतलं एक पान गळलं नाही. चढावरून घसरलेला ट्रक साहेबांच्या मोटारीशी येऊन असा थांबला, की मध्ये फार तर एक फाईल मावली असती. समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. “इतकं निर्मळ अज्ञान मी जनावरांतही पाहिलं नाही.”

दाखला मिळाला, अनुदान मंजूर झालं, प्रशिक्षण सुरू झालं. ते वाशीच्या एका सभागृहात होतं. ट्रकची तरतूद दुसऱ्या टप्प्यात होती. पहिल्या टप्प्यात नारळ, बॅनर आणि प्रत्येकीला स्टीलचं एक ताट. खुर्चीवर बसून ताट वळवायचं आणि तोंडाने हॉर्न द्यायचा. ‘ब्रेक!’ म्हटलं की सगळ्या बायका एकदम पाय आपटायच्या आणि खालच्या पतपेढीतला कॅशियर मोजणी पुन्हा सुरू करायचा.

दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. लायसन्सच्या खिडकीवर चाचणी झालीच नाही. अनुदानित उमेदवाराची परीक्षा घेणं म्हणजे शासनावर अविश्वास दाखवणं. ताटवाल्या सगळ्याजणी रस्त्यावर आल्या. दमयंतीही आली.

कंपनीतल्या पहिल्याच दिवशी तिचा भरलेला ट्रेलर तळोज्याहून निघाला. सिग्नलपाशी एक चकचकीत मोटार डावीकडून घुसली आणि फोन आला म्हणून मधेच थांबली. दमयंतीने ट्रेलर जागच्या जागी रोखला. मोटारीतल्या गृहस्थांना राग आला. त्यांनी काच खाली घेतली.

“ए बाई! लायसन्स कोणी दिलं तुला?”

“सरकारनी, दादा!” दमयंती खिडकीतून वाकून, आनंदाने ओरडली. मासळीच्या लिलावात तयार झालेला आवाज तो. “तीन वेला परीक्षा दिली! तुमी कितींदा दिलीव? आठचा आकडा तुमीच काढलाव, की एजंटनी?”

गृहस्थांनी काच वर घेतली. शेजारच्या गाडीची काच वर गेली. मग तिच्या मागच्या गाडीची. बघता बघता सिग्नलवरच्या सगळ्या काचा वर गेल्या.

तुमची आधीच वर होती. तुम्ही फक्त गाण्याचा आवाज वाढवलात.